न्यूयॉर्क सावर: वाइन वर कशी टिकते

व्हिस्की सावरवर (व्हिस्की, लेमनचा रस आणि साखरेचं कॉकटेल) रेड वाइनचा थर सोडला की न्यूयॉर्क सावर होतं. वाइन ओतताना चमचा कसा धरावा यावर भरपूर सल्ले मिळतात, पण माझ्या अनुभवात थर टिकणार की बुडणार हे आधी शेकरमध्येच, म्हणजे मिश्रण हलवायच्या झाकणाच्या भांड्यातच, ठरतं.

माझं प्रमाण असं: बर्बन (अमेरिकन व्हिस्की) 60 मिली, लेमनचा ताजा रस 25, साखरेचा पाक 20, वाइन 15. पाकात साखर आणि पाणी समान. व्हिस्की पाण्यापेक्षा हलकी असते, तिला जड करतो तो पाक. त्यामुळेच सुकी, म्हणजे गोड नसलेली, वाइन वर राहते. गोड कमी हवं म्हणून पाक 10 मिलीवर आणला तर दोन्हींची घनता जवळपास सारखी होते आणि सगळं गढूळ गुलाबी होऊन बसतं. व्हिस्की 50 टक्क्यांच्या वरची असेल तर पाक चमचाभर वाढवावा. पोर्टसारखी गोड वाइन मात्र सरळ तळाशी जाते.

वाइन फळांच्या चवीची, कमी तुरट हवी. माल्बेक किंवा शिराझ मला सगळ्यात जमते. कोवळ्या, तुरट काबर्नेला लेमनचा आंबटपणा भिडला की जीभ अक्षरशः कोरडी पडते.

अंड्याचा पांढरा भाग (साधारण 20 मिली) घालणार असाल तर आधी बर्फाशिवाय 15 सेकंद जोरात हलवा. झाकण घट्ट दाबून धरा; बर्फ नसल्यामुळे गारव्याने ते आवळलं जात नाही, सहज उडतं. मग बर्फ घालून आणखी तेवढंच. पेल्यात नवा, मोठा बर्फ ठेवून गाळा आणि वर बोटभर जागा सोडा.

आता चमचा. त्याची पाठ बर्फाला टेकवून वाइन अगदी बारीक धारेनं सोडायची. फेस असेल तर वाइन त्यातून झिरपून खाली बसते: वर पांढरा, मध्ये लाल, तळाशी सोनेरी. हे तीन पट्टे स्पष्ट दिसले की मला फार समाधान वाटतं. फेस नसेल तर लाल थर सगळ्यात वर.

ढवळू नका, लगेच प्या. बर्फ वितळला की खालचं मिश्रण पातळ होतं आणि थराची कड पुसट होत जाते. कच्चं अंडं नको असेल तर उकडलेल्या काबुली चण्यांचं दाट, बिनमिठाचं पाणी तेवढंच घ्या, फेस चांगला धरतो.