आमची वाटचाल : बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत

साऊंडवाल्याचं घर लग्नांवर आणि गणपतीवर चालतं, आमचंही चालतं. पण हा धंदा आम्ही शिकलो व्याख्यानमालेत. वडिलांनी ऐंशीच्या दशकात बेळगावच्या शहापुरात एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि एक बॅटरी एवढ्यावर दुकान मांडलं. पहिलं नेमाचं गिऱ्हाईक मिळालं ते एक वाचनालय. वर्षातून एकदा आठवडाभर व्याख्यानं असायची. आज ऊस आणि तंबाखूचा भाव, उद्या स्त्रियांचा वारसाहक्क, परवा मराठी रंगभूमी. भाडं बेताचंच असे, पण दुसऱ्या वर्षाचं बोलावणं त्याच मंडपात पक्कं व्हायचं.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती चाल गावोगाव गेली. बेळगावला तर सभा नवीन नव्हतीच. लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग इथेच काढली, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी इथेच आले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही १९४६ च्या इथल्याच साहित्य संमेलनात. त्यामुळे इथला श्रोता नुसतं ऐकून घरी जात नाही, उठून विचारतो. आमच्या सामानाची खरी परीक्षा तिथेच होते.

गाण्याचा साऊंड आणि बोलण्याचा साऊंड यांत जमीन-अस्मानाचा फरक. गाण्याला बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, लागतो. व्याख्यानात तो वाढला की सगळं घुमतं आणि स, श, च, फ हे आवाज बुडतात. वरून पत्र्याचं छप्पर असेल तर विचारूच नका. म्हणून आम्ही बेस कापतो, कॉलम, म्हणजे उंच उभे स्पीकर, माईकच्या पुढे ठेवतो म्हणजे शिट्टी येत नाही, आणि त्यांची तोंडं पत्र्याकडे न ठेवता माणसांकडे वळवतो. सभागृह लांब असेल तर मागे आणखी दोन कॉलम लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवर बसलेल्याला स्टेजकडचा शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा मिळतो आणि शेजारच्या कॉलममधला आधी. तेवढा डिले मागच्या कॉलमना दिला नाही, म्हणजे त्यांचा आवाज तेवढाच उशिरा सोडला नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि मागची माणसं हळूहळू चहाच्या गाड्याकडे सरकतात. हे काम आजही मी स्वतः करतो, कामगारांवर सोडत नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वडिलांनी एक नियम घालून दिला होता : विचारणाऱ्याचा आवाज वक्त्याच्या आवाजाइतकाच ठेवायचा. कॉर्डलेस माईक आला तेव्हा हे सोपं झालं. प्रश्न विचारणारे आजोबा माईक छातीशी धरतात आणि निम्मा प्रश्न हवेत जातो. म्हणून आमचा पोरगा माईक त्यांच्या हातात देत नाही, हनुवटीपासून चार बोटांवर स्वतः धरून उभा राहतो, प्रश्न कितीही लांबला तरी. एकदा कोल्हापूरकडच्या वक्त्याला मागच्या रांगेतून एकाने कन्नडमधून शाळांबद्दल विचारलं. अध्यक्षांनी ते मराठीत सांगितलं, उत्तर परत कन्नडमध्ये दिलं, आणि त्यावर सभागृहात अर्धा तास चर्चा रंगली. त्या संध्याकाळी माईक रांगांमधून नुसता फिरत होता.

सीमाप्रश्नावरच्या व्याख्यानाला मी मास्टर व्हॉल्यूमवर हात ठेवूनच बसतो. हा प्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. घरोघर त्याची झळ आहे, त्यामुळे वक्ता तापतो, समोरचेही तापतात. अशा वेळी आवाज चढवला की भाषणाची घोषणा होते आणि मुद्दा मागे पडतो. लोकांनी तो मुद्दा नीट ऐकून घेतला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मधल्या काळात मिरवणुकांसाठी मोठे बेस घेतले, बँकेचं कर्ज त्यांनीच फेडलं. व्याख्यानाचा सेट मात्र वेगळा ठेवला आहे, तो वरातीला जात नाही. सुगी आटोपली की तालुक्यात साहित्य संमेलनं सुरू होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या गावांनी ती परंपरा जपली आहे. सकाळी ग्रंथदिंडी, मग परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. उघड्या मंडपात घुमणं नसतं, पण वारा माईकमध्ये शिरतो. त्यासाठी फोमच्या टोप्या, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर.

आता मुलगा धंद्यात आला आहे. तो प्रत्येक व्याख्यान मिक्सरवरून थेट रेकॉर्ड करून आयोजकांना पेनड्राईव्हवर देतो, त्याचे पैसे लावत नाही. खानापूर-निपाणीकडच्या ज्या वाचनालयाला किंवा तरुण मंडळाला व्याख्यानमाला नव्याने सुरू करायची आहे, त्यांच्याकडून पहिल्या वर्षी आम्ही भाडं घेत नाही. टेम्पोचं डिझेल आणि दोन माणसांचं जेवण द्यावं. तारखा फक्त दिवाळीआधी कळवाव्यात. पुढे लग्नसराई लागते आणि माणसं मोकळी मिळत नाहीत.