फळ्यावरून पुसलेली एक ओळ

दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपून आम्ही चार शिक्षक जपानमधील ओकायामा शहराकडे निघालो, तेव्हा माझ्या बॅगेत चकल्या-शंकरपाळ्यांचे तीन डबे आणि पुठ्ठ्याचे कापलेले चाळीस समांतरभुज चौकोन होते. डबे दोन दिवसांत रिकामे झाले. चौकोनांची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आमची शाळा पुण्याच्या पेठेतील, मराठी माध्यमाची. ओकायामातील एका प्राथमिक शाळेशी तिचे चार वर्षांपासून संबंध आहेत. आमचे सकाळचे सत्र साडेसातला भरते तेव्हा तिकडे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे महिन्यातून एकदा पडद्यावर भेटणे सोयीचे जाते. या भेटींत मुलांनी लेझीम दाखविले, कागदाचे बगळे करून घेतले, आकाशकंदिलांची चित्रे पाठविली. दोन्हीकडच्या शिक्षकांना मात्र नमस्कार आणि आभार यांपलीकडे एकमेकांशी बोलण्यासारखे काही सापडले नव्हते. म्हणून या भेटीचा कार्यक्रम ठरत असताना तिकडच्या मुख्याध्यापकांनी एक विनंती कळविली, की पाहुण्यांपैकी एकाने पाचवीच्या वर्गावर गणिताचा पाठ घ्यावा आणि नंतर सर्वांनी मिळून त्यावर चर्चा करावी. गणित माझ्याकडे, म्हणून पाठही माझ्याकडे आला. दुभाषी म्हणून आमचीच एक माजी विद्यार्थिनी सोबत होती. तिने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला सुरुवात केली होती आणि आता ती त्याच भाषेवर नोकरी करते.

आदल्या दिवशी आम्हाला कोराकुएन ही बाग दाखविण्यात आली. १७०० साली पूर्ण झालेल्या या बागेच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे आपले पु. ल. देशपांडे उद्यान, उभारलेले आहे. माझ्या मोबाइलमधील छायाचित्रे पाहून तिथल्या शिक्षकांना जेवढे आश्चर्य वाटले, तेवढेच मूळ बाग पाहून मला वाटले. बागेविषयी एवढे पुरे.

पाठ पाचव्या तासाला होता. त्याआधी मुलांसोबत वर्गातच जेवण झाले. मुलांच्या आधी मुख्याध्यापक स्वतः ते अन्न खाऊन पाहतात, ही तिथली रीत मला फार आवडली. आमटीसारख्या दिसणाऱ्या पदार्थात माशाचे पाणी असल्याचे दुभाषी मुलीने हळूच सांगितल्यामुळे मी भात, २०० मिलिलिटर दूध आणि एक संत्रे यांवर भागविले. फराळाचे डबे वर्गात उघडता आले नाहीत. एखाद्या मुलाला कशाची ॲलर्जी असेल, या काळजीने बाहेरचे खाद्यपदार्थ मुलांना देत नाहीत. ते डबे शिक्षकांच्या खोलीत संपले. जेवणानंतर मुलांनी वर्ग झाडून पुसून घेतला. जपानहून परतलेला प्रत्येक शिक्षक या स्वच्छतेवर तासभर बोलतो, तेव्हा मी ते टाळते.

पाचव्या तासाला वर्गात तेहतीस मुले होती आणि भिंतींना लागून सव्वीस शिक्षक उभे होते. त्यांना पाठ पाहता यावा म्हणून बाकीच्या वर्गांना लवकर सोडले होते. आपल्याकडे पाठ निरीक्षण म्हणजे मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख शेवटच्या बाकावर बसतात, टाचण तपासतात आणि ‘आवाजातील चढउतार योग्य, फलकलेखन सुवाच्य’ असा शेरा लिहून चहाला जातात. इथे कोणी बसले नव्हते. प्रत्येकाच्या हातात पॅड आणि वर्गातील बैठकव्यवस्थेचा नकाशा होता, आणि माझ्याकडे फारसे कोणी पाहतही नव्हते. सगळे मुलांच्या वह्यांकडे पाहत होते.

माझा पाठ चांगला तयार होता, असे मला आजही वाटते. पाया ६ सेंटिमीटर, तिरकी बाजू ५ सेंटिमीटर आणि उंची ४ सेंटिमीटर असलेला समांतरभुज चौकोन मुलांना द्यायचा, त्याचे क्षेत्रफळ विचारायचे, मग एका बाजूचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूला लावायला सांगायचा, की आयत तयार होतो आणि २४ हे उत्तर डोळ्यांसमोर येते. मी प्रश्न विचारला आणि एका मुलाला फळ्यावर बोलावले. त्याने आत्मविश्वासाने ५ × ६ = ३० असे लिहिले. ही चूक पुण्यातील मुलेही दरवर्षी करतात, त्यामुळे मी गोंधळले नाही. ‘पुन्हा विचार कर बाळा’ असे हसून म्हणाले, ओळ पुसली आणि पुठ्ठे वाटले. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात चाळीसाव्या मिनिटाला सूत्र फळ्यावर आले. मुलांनी वाकून आभार मानले. माझ्या सहकाऱ्यांनी डोळ्यांनीच शाबासकी दिली.

मग चर्चा सुरू झाली. ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही तिथली जुनी पद्धत आहे; पाठ घेणारा आधी स्वतः बोलतो आणि मग निरीक्षक आपापल्या नोंदी वाचतात. माझ्याविषयी कोणी बरे-वाईट काही म्हटले नाही. दुसरीला शिकविणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने आपला कागद वाचला आणि आमची दुभाषी मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, “बाई, त्या म्हणताहेत की चौदाव्या मिनिटाला फळ्यावरची ओळ पुसली गेली. पंधराव्या मिनिटाला त्या मुलाने आपल्या वहीतली तीच ओळ खोडरबराने पुसली. त्यानंतर सव्विसाव्या मिनिटापर्यंत त्याने वहीत काहीही लिहिलेले नाही. ओळ का पुसली, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.”

माझ्या पोटात गोळा आला. चुकीचे उत्तर फळ्यावर राहिले तर तेच मुलांच्या डोक्यात बसते, असे मी पंचवीस वर्षे मानत आले होते आणि मी तसे सांगितले. कोणी वाद घातला नाही. त्या वर्गाचे शिक्षक एवढेच म्हणाले, की तास संपल्यावर त्यांनी मुलाला त्याचा विचार विचारला होता. मुलाचे म्हणणे असे, की आयताला एका बाजूने ढकलले की ही आकृती तयार होते; ढकलल्याने बाजू काही आखूड झाल्या नाहीत, मग क्षेत्रफळ तरी का बदलावे?

हे ऐकताच मला पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आठवली. तिथल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांची खेळणी मी स्वतः हाताळलेली आहेत. काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या, की त्रिकोण ताठ उभा राहतो आणि चौकोन मात्र डुलत कलतो, हे मी कितीतरी मुलांना करायला लावले आहे. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर तोच कलणारा चौकोन होता. ५ आणि ६ सेंटिमीटर बाजूंचा आयत उभा असताना क्षेत्रफळ ३०. उंची ४ होईपर्यंत कलला की २४. उंची ३ झाली की १८. आणि पार आडवा झाला की बाजू तितक्याच, पण क्षेत्रफळ शून्य! उंचीची गरज का पडते, हे पटवून देणारा याहून चांगला रस्ता माझ्या चाळीस पुठ्ठ्यांत नव्हता. तो मुलगा तो रस्ता घेऊन फळ्यापर्यंत आला होता आणि मी डस्टर फिरविला होता.

मी हे मोडक्यातोडक्या आकृत्या काढून सांगू लागले, तशी चर्चेची शिस्त सैलावली. कोणी प्लॅस्टिकच्या नळ्या आणल्या, कोणी त्यांत ओवायला दोरा. आमचे चित्रकलेचे सर आणि तिथले पाचवीचे शिक्षक एकमेकांची भाषा येत नसताना टेबलावर चौकोन कलवीत बसले. चार वर्षांच्या नमस्कार-आभारांनंतर प्रथमच आम्ही एकमेकांना अडवून बोलत होतो. सहा वाजून गेले तरी उठावेसे कोणालाच वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तो वर्ग पुन्हा पाहायला मिळाला. तिथल्या शिक्षकांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ५ × ६ = ३० ही ओळ पुन्हा लिहिली, शेजारी त्या मुलाच्या नावाची चुंबकी पट्टी लावली आणि नळ्यांचा आयत त्याच्याच हाती दिला. तासभर त्यांनी काहीही पुसले नाही. तास संपला तेव्हा पहिल्या चुकीपासून शेवटच्या सूत्रापर्यंतचा सारा प्रवास एकाच फळ्यावर होता. फलकलेखन हा शब्द मी डी.एड.पासून ऐकत आले, पण माझ्या लेखी त्याचा अर्थ तोपर्यंत अक्षर वळणदार असणे एवढाच होता. या वेळी पॅड माझ्याही हातात होते. त्या मुलाने नवव्या, सतराव्या आणि एकतिसाव्या मिनिटाला हात वर केला, अशी माझी नोंद आहे.

पुण्यात परतल्यावर हे सर्व सहकाऱ्यांसमोर मांडले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो वेळेचा, आणि तो रास्त होता. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, यांतून एका पाठासाठी साऱ्या शाळेला लवकर सोडणे आम्हाला शक्य नाही. म्हणून महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, एकाच वर्गाला थांबवून पाठ घेतो आणि जमतील तेवढे शिक्षक उभे राहतात. आधी सात होते, आता अकरा आहेत. त्या पाठाचे टाचण आम्ही ओकायामाला पाठवितो आणि त्यांचे आमच्याकडे येते.

पहिल्याच टाचणावर तिकडून एक विचारणा आली. शिक्षक काय करणार हे आम्ही लिहिले होते, फळ्यावर काय येणार हेही लिहिले होते. पण मुले काय काय उत्तरे देतील, हा त्यांच्या टाचणात असलेला रकाना आमच्यात नव्हता. तो आम्ही आता आखून घेतला आहे. अजून पेन्सिलीनेच भरतो आणि पाठ झाल्यावर बराचसा खोडून पुन्हा लिहावा लागतो.