सोलापुरात इलेक्ट्रिक गाडी: सोय आणि हिशेब

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, असे कोणी विचारले की मी आधी दोन गोष्टी विचारतो: गाडी रात्री कोठे उभी राहणार, आणि ती वर्षाला किती किलोमीटर धावणार? शोरूममध्ये पडद्याच्या आकारावर आणि छताच्या काचेवर तासभर बोलणे होते, परंतु या दोन गोष्टी विक्रेता फारशा विचारत नाही आणि घेणाराही आपणहून सांगत नाही. गेली काही वर्षे मी सोलापुरात ही गाडी वापरतो आहे. माझे मत असे झाले आहे की आपल्या शहरासाठी ती अतिशय सोयीची आहे, पण ज्या कारणाने ती सोयीची आहे, नेमक्या त्याच कारणाने बहुतेक कुटुंबांना तिचे पैसे लवकर वसूल होत नाहीत.

सोयीची बाजू आधी पाहू. जुळे सोलापुरातून निघून नवी पेठ, सात रस्ता, रेल्वे स्टेशन आणि परत, एवढे फिरून झाले तरी दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे काटा जात नाही. शहराबाहेरचे आपले जाणे-येणेही बव्हंशी देवदर्शनाचे आणि नातेवाइकांकडचे असते. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर, विजयपूर शंभर. पंचेचाळीस युनिट क्षमतेची बॅटरी असलेली आजची मध्यम गाडी प्रत्यक्षात अडीचशे ते तीनशे किलोमीटर जाते, त्यामुळे यांतल्या कोणत्याही गावाला जाऊन परत येण्यासाठी वाटेत चार्जिंग शोधण्याची वेळ येत नाही. गुरुवारी सकाळी आईला स्वामींच्या दर्शनाला न्यायचे असेल, तर आदल्या दिवशी पंपावर जाण्याचे कामच उरत नाही. गर्दीत, विशेषतः गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने तासाला पाच किलोमीटरच्या गतीने सरकताना, क्लच आणि गिअर नसणे हे केवढे सुख आहे, ते पेट्रोलच्या गाडीत बसून कळत नाही. थांबलेल्या गाडीत मोटार फिरत नाही. वीज खर्च होते ती फक्त एसीची आणि दिव्यांची.

जाहिरातीतल्या आकड्याविषयी येथेच सांगतो. कंपनीने छापलेले ४८९ किंवा तत्सम किलोमीटर हे प्रमाणित चाचणीतले असतात. महामार्गावर ताशी शंभरने, मे महिन्यात, एसी लावून चार माणसे नेली, तर त्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे अधिक मिळाले तरी समाधान मानावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून ताशी ऐंशीने जाणारा आणि शंभरने जाणारा यांच्या पल्ल्यात पडणारा फरक पेट्रोलच्या गाडीपेक्षा येथे जास्त जाणवतो.

आता हिशेब. माझ्या घरच्या मीटरवर मोजले, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून एका युनिटला साधारण सहा किलोमीटर पडतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि गाडीची वीज नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसते, त्यामुळे सर्व आकार धरून युनिटला बारा रुपये मानू. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीचे सरासरी पंधरा किलोमीटर धरले, तर तिकडे सात रुपये. प्रत्येक किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात, आणि हा आकडा ऐकून माणूस हुरळून जातो. परंतु त्याच कंपनीच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीत तीन लाखांचे अंतर असेल, तर ते भरून निघायला साठ हजार किलोमीटर धावावे लागते. सोलापुरातल्या ज्या घरात रोजची कामे दुचाकीवर होतात आणि चारचाकी रविवारी, लग्नसराईत आणि देवदर्शनाला निघते, तेथे वर्षाला सहा हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. त्या घराला पैसे वसूल होण्यास दहा वर्षे लागतील. उलट बार्शीला किंवा पंढरपूरला नोकरीसाठी रोज ये-जा करणारा शिक्षक, डॉक्टर अथवा बँकेतला अधिकारी वर्षाला तीस हजार किलोमीटर सहज तोडतो, आणि त्याचे तीन लाख दोन वर्षांत परत येतात. शहर लहान म्हणून पल्ल्याची चिंता नाही, आणि शहर लहान म्हणूनच बचतही थोडी!

करांचा भाग या हिशेबात आत-बाहेर होतो. इलेक्ट्रिक वाहनांवर २०१९ पासून पाच टक्केच जीएसटी आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला आणि दोहोंच्या किमतींमधले अंतर पुन्हा वाढले. महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी गाडीला किमतीनुसार अकरा ते तेरा टक्के मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो, त्यातून इलेक्ट्रिक गाडीला सूट आहे. त्यामुळे तुलना करायची ती रस्त्यावर येईपर्यंतच्या पूर्ण किमतीची, शोरूमच्या फलकावरच्या किमतीची नव्हे. कर्जाच्या व्याजावर मिळणारी दीड लाखांपर्यंतची आयकर वजावट आजही सांगितली जाते, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेत्याच्या बोलण्यात ती आली, तर बाकीचेही आकडे तपासून घ्यावेत.

घराचा प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नाही. विजापूर रस्ता, होटगी रस्ता किंवा जुळे सोलापूर येथे स्वतःचे आवार असलेल्याला काही अडचण नाही. भवानी पेठेत किंवा बाळीवेशीत, जेथे गाडी गल्लीच्या तोंडाशी किंवा मैदानात उभी करून चालत घरी यावे लागते, तेथे ही गाडी मी कोणाला सुचवणार नाही. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून गाडी चार्ज करणे धोक्याचे आहे आणि शेजाऱ्यांशी वाद ओढवून घेणारेही आहे. सदनिकांच्या इमारतीत सोसायटीची परवानगी, मीटरपासून वाहनतळापर्यंतची केबल आणि बिल कोणाचे, हे सारे गाडी नोंदवण्याआधी लेखी ठरलेले बरे.

स्वतःचे घर असले तरी दोन कामे करावीच लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ताशी तीन युनिटच्या आसपास वीज गाडीत जाते, म्हणजे रिकामी गाडी भरायला पंधरा तास. भिंतीवर बसवायचा सात किलोवॅटचा चार्जर हे काम सहा-सात तासांत करतो, पण त्यासाठी घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. दुसरे काम अर्थिंगचे, आणि याकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते पुरेसे नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगा पडेपर्यंत वाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा ओलावा जातो, आणि हिवाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर उन्हाळ्यात लाल दिवा दाखवू लागतो. इलाज सोपा आहे: खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडीलाही पाण्याचा वाटा द्यावा लागतो, हे मात्र कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे. सोलापूरचा पारा मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, आणि उष्णता हा लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू आहे. त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी तासन्‌तास उन्हात तापणे सर्वांत वाईट. म्हणून आपल्या भागात गाडी निवडताना बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे की ती केवळ हवेवर अवलंबून आहे, हे आवर्जून विचारावे. बॅटरीचा प्रकारही विचारावा. लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाने जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि तिचे आयुष्यही अधिक असते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी कमी वजनात जास्त वीज साठवते, पण तिला रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरणे हितावह असते. दुपारी पुण्याहून परतल्याबरोबर तापलेल्या गाडीला लगेच चार्जिंग लावू नये, रात्री लावावे. बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात, त्यामुळे चार वर्षांत बॅटरी निकामी होऊन लाखोंचा खर्च येईल ही भीती अवाजवी आहे. मात्र कालांतराने पल्ला हळूहळू घटणार, हे गृहीत धरूनच गाडी थोड्या मोठ्या बॅटरीची घ्यावी.

पुण्याचा रस्ता हा सोलापूरकराचा खरा कस. अंतर अडीचशे किलोमीटर, म्हणजे नेमके पल्ल्याच्या टोकावर. कागदावर गाडी पोहोचते, प्रत्यक्षात कोणी शहाणा माणूस पाच टक्के बॅटरीवर हडपसरच्या गर्दीत शिरत नाही. म्हणून टेंभुर्णी ते भिगवण या पट्ट्यात एकदा थांबावे लागते. जलद चार्जर चालू आणि मोकळा असेल, तर चहा-नाश्त्याच्या पाऊण तासात काम होते. तो बंद असेल किंवा आधीच दोन गाड्या रांगेत असतील, तर प्रवास दीड-दोन तासांनी लांबतो. मी दोन्ही अनुभव घेतले आहेत. प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप निराळे, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे, आणि दर घरच्या दुप्पट: अठरा टक्के जीएसटी धरून किलोमीटरला साडेचार रुपयांपर्यंत. बाहेरच्या चार्जिंगवरच विसंबणाऱ्याची बचत म्हणूनच निम्मी होते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना पूर्ण टोलमाफी आहे, पण सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस या आपल्या वाटेवरच्या नाक्यांचा त्या तिहींत समावेश नाही. मी स्वतः पुण्याला एकटा जायचे असेल, तर वंदे भारत किंवा हुतात्माने जातो. गाडी कोणतीही असली तरी रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे, दिवे नसलेल्या अंधारात चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. तेल बदलणे नाही, फिल्टर आणि बेल्ट फारसे नाहीत, ब्रेकही कमी झिजतात. टायर मात्र गाडीच्या वजनाने आणि जोराने लवकर झिजतात. अडचण येते ती मोठा बिघाड झाल्यावर. उच्च दाबाच्या विजेच्या प्रणालीला हात लावू शकणारे तंत्रज्ञ मोजके असतात, सुटा भाग बाहेरून यावा लागतो, आणि तोवर गाडी उभी राहते. घरात एकच गाडी असणाऱ्याने याचा विचार करावा.

पर्यावरणाच्या दाव्याबाबत सोलापूरकराला डोळे मिटून चालत नाही, कारण फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची धुरांडी आपल्याला शहराबाहेर पडताच दिसतात. १,३२० मेगावॉटचे ते केंद्र कोळसा जाळते आणि पाणी उजनीचे घेते. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे माझी गाडी किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅमची धनी आहे. पेट्रोलची तशीच गाडी दीडशेच्या आसपास. बॅटरी बनवतानाचा भार वेगळा. फरक आहे, पण मिरवावा एवढा मोठा नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र बदलते. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. तीन किलोवॅटचा संच दिवसाला बारा युनिट सहज देतो, म्हणजे सत्तर किलोमीटरची वीज, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. ज्याच्या घरी सौर संच आधीच आहे आणि वापरून वीज उरते आहे, त्याच्या बाबतीत वर मांडलेला किलोमीटरला दोन रुपयांचा हिशेबही आणखी खाली येतो.

कमी फिरणाऱ्या कुटुंबाला आणखी एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. इलेक्ट्रिक गाडीची पुनर्विक्रीची किंमत झपाट्याने पडते, ही विकणाऱ्याची तक्रार योग्यच आहे. पण तोच घेणाऱ्याचा फायदा आहे. तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेतली तर सुरुवातीचे तीन लाखांचे अंतर जवळपास नाहीसे होते, पल्ला थोडा घटला असला तरी अक्कलकोट-तुळजापूरला तो पुरून उरतो, आणि बॅटरीची हमी निम्मी तरी शिल्लक असते. अशी गाडी पाहताना ती अधिकृत सेवा केंद्रात नेऊन बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा छापील अहवाल मागावा, हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का आणि त्यात अटी बदलतात का हे लेखी घ्यावे, आणि ती आधी कोणत्या गावात, सावलीत की उन्हात उभी असे, हेही विचारावे.