सफरचंदाच्या पिंपातली ग्लेनफिडिक आणि आमची गच्ची

दाजी मागच्या आठवड्यात लंडनहून आले, ताईच्या सांगण्यावरून आईला स्वेटर आणि माझ्यासाठी गुपचूप एक बाटली. ग्लेनफिडिक ऑर्चर्ड एक्सपेरिमेंट, स्कॉच व्हिस्की. (मी आजवर सगळीकडे ग्लेनफिडीच म्हणत आलोय, तो खरं तर ‘फिडिक’ असा उच्चार आहे म्हणे, दुरुस्ती नोंदवून घ्या.) ग्लेनफिडिक आपल्याला नवी नाही, लग्नात कुणीतरी बारा वर्षंवाली एक बाटली खास पाहुण्यांसाठी लपवून ठेवतं आणि ती कुणाला मिळाली कुणाला नाही यावरून वर्षभर रुसवे चालतात, तीच ती.

पण ही जरा वेगळी. २०२२ ला आलेली, ४३ टक्के अल्कोहोल, वयाचा आकडा नाही, आणि शेवटचा काही काळ ती पोमोनाच्या पिंपात ठेवलेली. पोमोना म्हणजे इंग्लंडातल्या सॉमरसेटकडचं पेय, सफरचंदाचा रस आणि सफरचंदाचीच ब्रँडी एकत्र करून ओकच्या बॅरलमध्ये मुरवतात. ते काढून घेतल्यावर जे रिकामं लाकूड उरतं त्यात ही व्हिस्की.

आपण नाशिककर, बॅरल म्हटलं की वाइनच डोळ्यासमोर येते, पाहुणे आले की त्यांना सुला वायनरीत नेऊन ती ओळीने मांडलेली पिंपं दाखवायची हा आपला धर्मच आहे. व्हिस्कीचं गणित मात्र वेगळं. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे तिथल्या व्हिस्कीला, कायद्यानेच नवं जाळलेलं ओकचं पिंप लागतं, एकदा वापरलं की त्यांच्या त्या कामाचं नाही, मग ती हजारोंनी स्कॉटलंडला जातात. म्हणून बहुतेक स्कॉचमध्ये तो व्हॅनिलासारखा गोडवा येतो. दुसरी शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं. पोर्ट, रम वगैरेंचीही चालायची, पण त्याच्या फार पलीकडे जायला बरीच वर्षं नियम आडवे यायचे, २०१९ ला ते सैल झाले आणि मेक्सिकोच्या टकीला, मेझकाल, फ्रान्सची सफरचंदाची ब्रँडी काल्वादोस वगैरेंच्या पिंपांना वाट मोकळी झाली. त्यातही एक गंमत, कोयीच्या फळांपासून केलेल्या दारूचं पिंप चालत नाही. प्लम, चेरी बाद. माझ्या हिशोबाने आपला आंबाही बाद, म्हणजे हापूसच्या ब्रँडीत मुरलेलं स्कॉच हे माझं स्वप्न तिथेच संपलं.

तर शनिवारी गच्चीवर बसलो. थंडी मस्त, निफाडकडून वारं येत होतं. पहिली चूक मी केली, चिवडा काढला. नाशिकचा चिवडा, वरून कांदा, लिंबू, तळलेली मिरची. दोन घास खाल्ले आणि मग पहिला घोट, चव काय घंटा कळणार? जीभ जळत होती नुसती. दाजी वैतागले, ‘अरे, एवढ्या लांबून आणलीय मी ती.’ मग गपचूप पाणी प्यालो, साधी पोळी खाल्ली, वीस मिनिटं क्रिकेटवर बोललो, आणि परत. या वेळी आधी नुसता वास. आणि खरंच, लाकडी पेटीतल्या सफरचंदांचा वास, गवतात गुंडाळलेली येतात ना त्या पेटीचा. चार थेंब पाणी टाकल्यावर अजून मोकळा झाला, मागे थोडी दालचिनी. चवीला मात्र नेहमीची ग्लेनफिडिकच, जरा मधाळ, शेवट पटकन विरतो. दाजींना हा शेवटच आवडला नाही, मला चालला.

पण डोक्यात किडा, की खोक्यावर सफरचंद छापलंय म्हणून तर वास येत नाहीये? घरात बारा वर्षंवाली थोडी उरलेली होती. दाजींना म्हटलं, मी पाठ करतो, तुम्ही तीन ग्लास भरा, दोनात जुनी एकात नवी, वेगळी कुठली ते मी सांगतो. वासावर तीनपैकी तीन वेळा ओळखली! मग नाक दाबून नुसती चव, तीनही वेळा चुकलो. म्हणजे पोमोनाचं जे काही आहे ते सगळं नाकातच आहे राव, बर्फ आणि सोडा ओतून पिणार असाल तर दाजींचे पौंड पाण्यात.

मी नाक दाबून उभा असतानाच आई वाळलेले कपडे काढायला वर आली. काही बोलली नाही, आमच्याकडे बघून फक्त सुस्कारा. मी म्हटलं आई, पिऊ नकोस, फक्त वास घे आणि कशाचा आहे सांग. तिने लांबूनच नाक नेलं.

‘गूळ. नवीन ढेप फोडल्यावर येतो तसा.’

सफरचंद नाही का, मी विचारलं. ‘कुठलं सफरचंद,’ म्हणत टॉवेल घेऊन खाली गेली. मी परत ग्लास नाकाला लावला, आणि आता काही केल्या सफरचंद सापडेना, नुसता गूळ.

दाजी म्हणाले, ‘मलाही.’