रूळ न संपणारा देश

१८९१ साली मिरजेहून आलेला लोहमार्ग आमच्या कोल्हापूरच्या स्थानकात संपतो, आणि कदाचित म्हणूनच न संपणाऱ्या रुळांची ओढ मला लहानपणापासून होती. मॉस्को ते व्लादिवोस्तोक या ९,२८८ किलोमीटरच्या ट्रान्स-सायबेरियन मार्गावर मी निघालो, तेव्हा पाठीवर एक सॅक आणि तीत आईने दिलेला भडंगाचा पुडा, एवढेच सामान होते.

‘प्लात्सकार्त’ म्हणजे दारे नसलेला, चोपन्न बर्थचा खुला डबा. स्वस्त म्हणून तो निवडला, परंतु खरा प्रवास घडला तो त्यामुळेच. डब्याच्या टोकाला समोवारात अखंड गरम पाणी असते आणि चहाच्या निमित्ताने तिथेच ओळखी होतात. शेजारच्या आजींनी काकडी पुढे केली, मी भडंग दिले. भाषेची फारशी गरज भासली नाही.

उरल पर्वत मात्र इतके सौम्य, की आमचा पन्हाळा अधिक उंच वाटावा.

इर्कुत्स्क सोडल्यावर गाडी डोंगर उतरून बैकालच्या काठाला लागते आणि कित्येक तास पाणी खिडकीची सोबत सोडत नाही. हे जगातील सर्वांत खोल सरोवर, १,६४२ मीटर. रंकाळ्याच्या काठी वाढलेला मी पलीकडचा किनारा शोधत अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसून राहिलो.