डेकवरचे काळे ठिपके: लोखंडी कढईने लावलेला छडा

मागील नोंदीत मी जरा थाटातच लिहिले होते की काळ्या डागांचा प्रश्न कायमचा मिटला असून पुढची नोंद थेट तेलाच्या पहिल्या हाताची असेल. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. साडेचारशे स्क्रू बदलून, डाग काढणाऱ्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने दोनदा धुऊन आणि ८० नंबरच्या कागदाने घासून मधाचा रंग आणलेल्या त्या सागवानी फळ्यांवर एप्रिलअखेरीस वळिवाची एकच सर पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा कोणी तरी लेखणी झटकावी तसे मोहरीएवढे काळे ठिपके पुन्हा सगळीकडे उमटलेले होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: हा डेक, म्हणजे उघडा लाकडी ओटा, देवगडच्या किनाऱ्यापासून जवळच, आमच्या घराच्या पडवीला लागून आहे. तो बारा फूट लांब व नऊ फूट रुंद असून एका मोडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानातून काढलेल्या चार इंची पंचवीस फळ्यांचा आणि त्यांना खालून आधार देणाऱ्या नऊ कड्यांचा आहे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि उन्हाळ्यातले ऊन या तिन्हींचा मारा तो उघड्यावर सोसतो.

डागांच्या बाबतीत माझा पहिला संशय बुरशीवर होता आणि तो मी पूर्वीच निकालात काढला होता. डागावर घरगुती ब्लीचचा थेंब टाकावा. बुरशी असेल तर काही मिनिटांत डाग फिकटतो, लोखंडाचा असेल तर तसाच राहतो. आमचे डाग ढिम्म हलले नव्हते. (ब्लीच पूर्ण धुऊन काढल्याशिवाय त्या जागी अ‍ॅसिड लावू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, हे पुन्हा एकदा बजावून ठेवतो.) दुसरा संशय स्क्रूंवर होता आणि तो खराही ठरला होता. ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, म्हणून विकले गेलेले ते स्क्रू लोहचुंबकाला टपकन चिकटत होते, म्हणजे ते ४१० प्रतीचे निघाले. त्या पोलादात क्रोमियम असते, पण निकेल जवळजवळ नसते, आणि खाऱ्या हवेत ते गंजते. दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यालाही फरक ठाऊक नसावा. परंतु खिशात लहानसे चुंबक ठेवल्याशिवाय स्क्रू घ्यायला जाऊ नये, हे माझे मत आता पक्के झाले आहे. नंतर मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून ३१६ प्रतीचे, म्हणजे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले स्क्रू मागवले. त्यांना तिपटीहून अधिक पैसे पडले आणि त्याची मला आजही खंत नाही.

मग ठिपके पुन्हा आले कुठून? पंधरा दिवस मी याच एका प्रश्नाभोवती घुटमळत होतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल, असे एकदा वाटले. आवाराला जांभ्याचा गडगा आहे, त्याच्या लाल मातीचे शिंतोडे उडत असतील, असेही वाटले. दोन वर्षांपूर्वी एकदा ड्रिलला तारेचा ब्रश लावून शेवाळ काढण्याचा उद्योग मी केला होता, तो आठवून एक रात्र झोप लागली नाही. आमचे सुतारमामा येऊन पाहून गेले आणि पान लावता लावता म्हणाले, “सागवानाक लोखंडाचो नुसतो वारो लागलो तरी तां काळा पडता, काकानू.” हे मलाही ठाऊक होते. लोखंड कुठे आहे तेवढेच सापडत नव्हते.

उत्तर मिळाले ते स्वयंपाकघरात. सौभाग्यवतींनी केसांना लावण्यासाठी मेंदी आणि आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजत घातली होती आणि सकाळी ते मिश्रण काळेकुट्ट झालेले होते. ते काळे व्हावे म्हणूनच ते लोखंडी कढईत भिजवतात, हे आपण सगळे लहानपणापासून पाहत आलो आहोत. आवळ्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि कढईतले लोह यांचा संयोग होऊन तो काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांच्यापासून काळा रंग व शाई करण्याची जुनी रीतही याच तत्त्वावरची. माझ्या डेकवर सागवान हिरड्याचे काम करत होते आणि अज्ञात लोखंड हिराकसाचे. कढईकडे पाहताना मनात आले की ही क्रिया उलट्या बाजूने का वापरू नये? लोखंड जर लाकडातल्या टॅनिनला काळे करून आपल्याला छळत असेल, तर आपणच भरपूर टॅनिन पुरवून ते लोखंड नेमके कुठे लपले आहे हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे.

शंभर ग्रॅम हिरड्याचे चूर्ण प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवले आणि फडक्याने गाळून घेतले. पाणी विहिरीचेच घेतले होते आणि ते मातकट पिवळे राहिले, काळवंडले नाही, त्यामुळे विहीर तिथल्या तिथे निर्दोष सुटली. मग एका पांढऱ्या फडक्याचा तुकडा त्या पाण्यात बुडवून त्याखाली एक साधा खिळा, एक जुना ४१० चा स्क्रू आणि एक नवा ३१६ चा स्क्रू असे ठेवले. सकाळी खिळ्याखाली गडद काळा ठसा होता, ४१० खाली राखाडी छाया होती आणि ३१६ खाली काहीच नव्हते. अशा कामात उपकरण आधी तपासून घ्यावे आणि मगच त्याच्या साक्षीवर विसंबावे, म्हणून हा एक दिवस मी मुद्दाम खर्ची घातला.

त्या संध्याकाळी वडिलांची दोन जुनी सुती धोतरे (घरातून रीतसर परवानगी काढून) हिरड्याच्या पाण्यात भिजवून डेकवर पसरली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडांना जांभ्याचे दगड ठेवले आणि वर प्लास्टिक घालून रात्रभर ओली राखली. सकाळी प्लास्टिक उचलले तेव्हा जे दिसले ते पाहून मी अक्षरशः उभ्या जागी हसलो. धोतरांवर काळ्या ठिपक्यांचा एक पंखा उमटला होता. ईशान्य कोपऱ्यात, कठड्याच्या खांबाशी ठिपके दाट होते, तिथून ते पसरत पसरत सहा-सात फुटांपर्यंत विरळ होत गेले होते. मोजायला सुरुवात केली आणि दोनशेनंतर सोडून दिली. स्क्रूंच्या रांगांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

तो पंखा कोणी काढला हे कळायला मग क्षणही लागला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पंपाच्या शेडसाठी लोखंडी अँगल कापायचे होते, एक्स्टेन्शनची वायर त्या कोपऱ्यापर्यंतच पोहोचत होती, आणि मी स्वतः डेकवर बसून ग्राइंडरने ते कापले होते. कटिंग चाकातून उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण असतो. तो लाकडावर पडतो, जरासा जळत आत रुततो आणि मग ओल मिळण्याची वाट पाहत बसतो. त्या दिवशी त्या ठिणग्यांची शोभा पाहून मुलीने व्हिडिओही काढला होता. तो अजून आहे, आणि पंख्याचा आकार धोतरावरच्या नकाशाशी तंतोतंत जुळतो.

माझी मूळ चूक कुठे झाली तेही आता स्पष्ट दिसते. डाग दोन प्रकारचे होते आणि मी ते एकाच नावाखाली मोजत होतो. स्क्रूच्या माथ्याभोवती कडे पडत होते, ते ४१० चे पाप होते आणि ते ३१६ नंतर परत आले नाही. सुटे ठिपके मात्र ठिणग्यांचे होते. शिवाय ऑक्झॅलिक अ‍ॅसिड डाग घालवते, रुतलेला कण काढत नाही, त्यामुळे धुतल्यावर आठवडाभर फळी देखणी दिसायची आणि पाऊस लागताच तोच कण नव्याने शाई करायला बसायचा. घासून वरचे कण निघाले असतील, पण बरेच फळ्यांमधल्या फटींत जाऊन बसले आणि पाण्याबरोबर पुन्हा वर आले.

यानंतरचे काम कंटाळवाणे असले तरी समाधानाचे होते. जुन्या स्पीकरमधले चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळ्यांवरून आणि फटींतून फिरवले, पिशवी उलटी करून कण कागदावर झटकले, आणि दोन दिवसांत जमलेला सगळा माल चहाच्या चमच्यात मावेल एवढा भरला. एवढ्याशा भुकटीने मला दोन वर्षे नाचवले! जे कण रुतलेले होते ते आरीच्या, म्हणजे टोच्याच्या, टोकाने एकेक उकरून काढले. नंतर लिटरला ६० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घेऊन (प्लास्टिकची बादली, काथ्याचा ब्रश, हातमोजे आणि चष्मा) ठिपके आणि हिरड्याच्या पाण्याचा पिवळेपणा दोन्ही काढले, आणि भरपूर पाण्याने धुतले. हिरड्याचे पाणी हे तपासणीचे साधन आहे, उपाय नव्हे. ते लाकडावर तसेच राहिले तर पुढच्या डागांची सोय आपणच करून ठेवल्यासारखे होईल. धुण्यात कसूर करू नये हे आणखी एका कारणासाठी: वाळलेल्या अ‍ॅसिडचे स्फटिक मागाहून घासताना धुळीबरोबर नाकात जातात आणि ते विषारी आहेत.

फटी नीट साफ करण्यासाठी त्या कोपऱ्यातल्या अकरा फळ्या उचलाव्या लागल्या, आणि इथे बेत बदलला. चौथ्या कडीच्या माथ्यावर आरी टेकवली तर ती लोण्यात गेल्यासारखी दोन सेंटिमीटर आत शिरली. कडीच्या त्या कडेला सालीलगतचे पांढरे लाकूड राहून गेले होते. सागवान टिकते ते त्याच्या गाभ्यामुळे. हे पांढरे लाकूड मात्र इतर लाकडांच्या पांढऱ्या भागासारखेच कुजते, आणि फळी व कडी यांच्यामध्ये पाणी साचून राहिले की आधी तेच जाते. कुजका भाग पटाशीने पक्के लाकूड लागेपर्यंत काढला, कूज थांबावी म्हणून टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडचे गरम पाणी पाजले, आणि शेजारी किंजळीची जोडकडी स्टेनलेसच्या बोल्टांनी आवळली. सुतारमामांनी ओळंबा आणि पाणसळ लावून ती एका दुपारीत बसवली. मला एकट्याला तीन दिवस लागले असते.

टाकणखाराचे द्रावण पावसाने धुऊन जाते, ही त्याची एकमेव मोठी उणीव आहे. त्यावर विचार करताना सुचले की कड्यांच्या माथ्यावर छपरासाठी वापरतात त्या डांबरी फेल्टच्या पट्ट्या का टाकू नयेत? परदेशात यासाठी चिकट ब्यूटिल टेप मिळते, ती इथे मागवायची तर डेकपेक्षा महाग पडेल. फेल्ट तालुक्याच्या गावी सहज मिळाले. कडीपेक्षा दोन्हीकडे अर्धा इंच जास्त रुंद पट्टी कापली, कडा खाली वळवल्या म्हणजे पाणी ठिबकून जाईल, आणि मग फळ्या परत बसवल्या. हे फक्त त्या कोपऱ्यापुरतेच करायचे असे ठरवून सुरुवात केली होती, पण पहिली कडी झाल्यावर उरलेल्या चौदा फळ्याही उचलल्या. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांच्या धांदलीत, आंबे उतरवायला माणसे मिळत नसताना, हा उद्योग घरात फारसा कौतुकास्पद ठरला नाही.

फटींबद्दल एक मोजमाप देतो. मार्चमध्ये पेन्सिलीने खुणा केलेली चार इंची फळी मागील वर्षी ऑगस्टपर्यंत जवळजवळ दीड मिलिमीटर फुगली होती, म्हणून या वेळी मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी धरून फळ्या बसवल्या आहेत. पूर्वीची तीनची फट पावसात जवळजवळ निम्मी व्हायची आणि तिच्यात पालापाचोळा अडकायचा.

तेलाचा बेत मात्र रद्द केला आहे. ओलाव्याचे मीटर फळ्यांच्या वरच्या बाजूला १४ टक्के दाखवते आणि खालच्या बाजूला १९ टक्के, आणि रोहिणी लागल्यापासून हवा अशी दमट आहे की ते खाली येण्याची आशा नाही. ओल्या लाकडात तेल मुरत नाही, वर चिकट बसते, आणि अळशीच्या तेलावर तर बुरशी आनंदाने वाढते. सागवानाला टिकण्यासाठी तेलाची गरज नसते, तेल बहुतांशी रंगासाठी असते, हे मला कळायला सहा वर्षे लागली. या पावसाळ्यात तो चंदेरी करडा होऊ देत. दसऱ्यानंतर पुन्हा मोजेन आणि तेव्हाही मन तेलाकडे ओढले तर फक्त फळ्यांच्या टोकांना लावेन, कारण टोकांतून पाणी सर्वांत जास्त शोषले जाते. कड्यांच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचे तेल लावावे, असे सुतारमामांचे मत आहे. होड्यांना आणि वाशांना ते आपल्याकडे पूर्वापार लावतात, पण कातडीवर फोड आणणारा तो पदार्थ अनवाणी फिरण्याच्या जागेपासून दूरच राहील.

परवा पुन्हा वळीव झाला. मी मुद्दाम काल रात्री हिरड्यात भिजवलेले धोतर पुन्हा अंथरले होते. आज सकाळी त्यावर फक्त तीन ठिपके होते, तिन्ही कठड्याच्या दुसऱ्या खांबाच्या बुडाशी, एका बोल्टभोवती. बोल्ट चुंबकाला चिकटत नाही. त्याखालचा वॉशर मी कधी तपासला नव्हता, पाना आणून तो उद्या सोडवतो.