फॅलोची शस्त्रक्रिया झाल्यानंतरचे आयुष्य

टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयदोष घेऊन मी जन्मले आणि चौथ्या वर्षी मुंबईत माझी शस्त्रक्रिया झाली. या दोषात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. शस्त्रक्रियेनंतर ओठांचा निळेपणा गेला, मी शाळेत धावू लागले, आणि मुलगी पूर्ण बरी झाली असे नातेवाइकांनी मानले. आईने मात्र तपासण्या कधी थांबवल्या नाहीत, याचे मोल मला पुढे कळले.

माझी अरुंद वाट रुंद करताना फुप्फुसाच्या झडपेच्या, म्हणजे हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरील झडपेच्या, गोल कड्यावरून ठिगळ लावावे लागले होते. अशी झडप नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उजव्या कप्प्यात परत येते आणि तो कप्पा वर्षानुवर्षे हळूहळू ताणला जातो. शरीर याची तक्रार फार उशिरा करते, म्हणून अगदी ठणठणीत वाटत असतानाही तपासणी चुकवता येत नाही.

तिशीच्या सुमारास बालहृदयरोगतज्ज्ञांनी मला प्रौढांच्या जन्मजात हृदयविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सर्वांत आधी जुन्या शस्त्रक्रियेची टिपणे मागितली, कारण ठिगळ नेमके कोठे लावले यावर पुढचे बरेच निदान अवलंबून असते. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या कप्प्याचे आकारमान अचूक मोजता येत नाही, म्हणून एमआरआय झाला. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण १६० मिलिलिटरपर्यंत कप्पा फुगला की झडप बदलण्याचा विचार गंभीरपणे केला जातो, आणि माझा आकडा त्यापुढे होता. ईसीजीमधील क्यूआरएसची, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या विद्युतलहरीची, रुंदी १८० मिलिसेकंदांच्या वर गेल्यास ठोक्यांच्या घातक अनियमिततेचा धोका वाढतो, म्हणून तीही तपासली. ती त्याखाली होती. मास्क लावून सायकल चालवण्याच्या चाचणीने मला सर्वांत जास्त हलवले. दम लागत नाही असे मी मनापासून सांगत होते, पण प्राणवायू घेण्याची माझी क्षमता वयाच्या मानाने बरीच कमी निघाली. लहानपणापासून जेवढा श्वास मिळाला तेवढाच मला पुरेसा वाटत आला होता.

झडप केव्हा बसवायची, हा खरा कठीण प्रश्न होता. प्राण्याच्या किंवा मानवी ऊतींपासून बनवलेली जैविक झडप साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकते, त्यामुळे घाई केली तर पुढील शस्त्रक्रियांची संख्या वाढते. उशीर केला तर ताणलेला कप्पा पूर्ववत होत नाही. फुप्फुसाची झडप छाती न उघडता, शिरेतून नळी नेऊन बसवण्याचे तंत्र २००० साली बालहृदयरोगतज्ज्ञ फिलिप बोनहॉफर यांनी यशस्वी केले, पण ठिगळामुळे माझी वाट त्यासाठी फारच रुंद झाली होती. म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली. हृदय छातीच्या हाडाला मागून किती चिकटले आहे, हे त्याआधी सीटी स्कॅनवर पाहून घेतले.

वर्षभराने केलेल्या एमआरआयमध्ये कप्पा बराच लहान झालेला दिसला. आता दाताच्या उपचारांआधी मला प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि कारण न समजणारा ताप आला तर रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केल्याशिवाय मी कोणतेही प्रतिजैविक सुरू करत नाही. आधीच गोळी घेतली तर झडपेवरील जंतुसंसर्ग अहवालात न दिसण्याची शक्यता असते. ही गोष्ट मी आमच्या गावातील डॉक्टरांनाही लिहून दिली आहे. मूल होऊ देण्याआधी २२व्या गुणसूत्रावरील लोपाची, म्हणजे त्याचा छोटा तुकडा गळालेला असण्याची, जनुकीय चाचणी करून घ्यावी, कारण तो असल्यास बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि गरोदरपणाच्या १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची इको करावी, असे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावले. माझी चाचणी झाली असून तिच्यात लोप आढळलेला नाही. पुढील झडप शिरेतूनच, या झडपेच्या आत बसवता यावी म्हणून शल्यचिकित्सकांनी शक्य तेवढ्या मोठ्या मापाची झडप निवडली आहे.